होडीला दहा शेवंडी

होडी पुळणीवर ओढताना कुणी आवाज दिला नाही, तेव्हाच महिपतला कळलं.

रोज असं नसायचं. होडी वाळूला लागली की चार-सहा जण पाण्यात उतरायचे. एकजण "हां, ओढ रे" करून ओरडायचा, दुसरा महिपतच्या वयावरून काहीतरी बोलायचा, आणि शिव्या देत, हसत होडी वर जायची. त्या दिवशी दहा-बारा माणसं गुडघाभर पाण्यात आली. त्यांनी होडीला हात लावला आणि मुकाट्याने ती वर नेली. मच्छीमार संस्थेचा चेअरमन गंगाराम दहा वाजेपर्यंत कधी घराबाहेर पडत नसे. तोही पायजमा भिजवून उभा होता.

"कधी?" महिपतने विचारलं.

"तास झाला असंल. निशिगंधा जवळ होती. तरास नाय झाला वहिनीला," गंगाराम म्हणाला.

मोबाइल त्याने घरीच, मुलीपाशी, निशिगंधापाशी ठेवला होता. डॉक्टरचा फोन आला तर तिने घ्यावा म्हणून. तो घराकडे चालायला लागला. वीस पावलांवर त्याला आठवलं आणि त्याने मागे वळून पाहिलं. होडीत, मधल्या फळीखाली, ओलं गोणपाट होतं. सखाराम होडीला टेकून उभा होता. पंचवीस वर्षं दोघं एका होडीत होते. सखारामने फक्त मान हलवली, तू जा म्हणून.

गोणपाटात एक शेवंड होती, खडकांतली मोठ्या मिशांची लॉबस्टर. मोठी, जिवंत, अंड्यावरची, म्हणजे पोटाखाली अंडी असलेली. ती पाण्यात सोडायची, असा गावाचा नियम होता, आणि तो नियम गावाला करायला लावला होता मथुराने, महिपतच्या बायकोने.

मथुरा पस्तीस वर्षं कोतळ्याहून, आपल्या गावाहून, रत्नागिरीच्या बाजारात मासळी घेऊन जायची. पुरुष समुद्रात काय मिळालं ते सांगतात, पण काय मिळेनासं झालं ते बाजारात बसणाऱ्या बायकांना आधी कळतं. दोन वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आधी, संस्थेच्या शेडमध्ये पुरुषांची मीटिंग चालू असताना ती सरळ आत आली आणि मधोमध मासळीची पाटी ठेवली.

"ही पाटी माझ्या लग्नात आवशीनं दिली," ती म्हणाली. "तेव्हा हिच्यात दहा शेवंडी मावायच्या. अकरावीची शेपटी बाहेर यायची. आज बत्तीस मावल्या."

"पाटी सैल झाली असंल, काकी," नितेश म्हणाला. तो तरुण होडीवाला, जिभेला हाड नसलेला. सगळे हसले.

"पाटी सैल झाली नाय, मेल्या. शेवंड बारीक झाली. तुम्ही पोरं धरताव आणि म्हातारी धरल्यासारखे मिशीला ताव देताव."

मग ती खाली बसली आणि उठायला तयार होईना. मत्स्य खात्यातून राही नावाची एक मुलगी पट्टी घेऊन मासे मोजायला यायची. तिने बायकांना सांगितलं होतं की एका शेवंडीच्या पोटाखाली लाखांनी अंडी असतात आणि त्यातली मोजकीच जगतात. मथुराने तेवढं ऐकलं आणि बाकीचं स्वतःच ठरवलं. दिवसाला एका होडीने दहाच शेवंडी आणायच्या. पोटाखाली अंडी असली तर जागच्या जागी सोडायची. आणि वीतभराच्या आतली धरायची नाही.

गावाने सहा महिने भांडून हे मान्य केलं. सगळ्यात मोठं भांडण वितीवरून झालं. वीत कुणाची? गंगाराम म्हणाला माझी, नितेश म्हणाला माझ्या पोरीची. तेव्हा मथुराने हात पुढे केला. "माझी घ्या. बाईमाणसाची." पुरुषांना ते बरं वाटलं. बाईची वीत म्हणजे लहानच. त्यांनी बांबूची कांब तिच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ठेवून कापली, आणि मग कुणीतरी तीच कांब गंगारामच्या पंजाला लावली. मथुराची वीत गंगारामपेक्षा बोटभर मोठी निघाली. तिचे हात तसेच होते. पण तोवर सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

नारळी पौर्णिमेला प्रत्येकाने आपापल्या होडीच्या टोकावर हात ठेवून शब्द दिला. खारव्यांमध्ये, या मच्छीमार जातीत, होडीवर हात ठेवून बोललेलं मोडत नाहीत. त्या हंगामात मथुरा रोज सकाळी धक्क्यावर कांब घेऊन बसली. कुणाची शेवंड बोटभर कमी भरली तर ती पाण्यात जायची, आणि त्या माणसाची आई, आजी, पणजी सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ती आजारी पडली. निशिगंधा चिपळूणला दिलेली. ती आईला तिकडे घेऊन गेली, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. दिवाळीआधी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला घाला.

आवडेल ते म्हणजे काय, हे महिपत रोज विचारायचा. पेज नको, भाकरी नको, शहाळं नको. मग एका सकाळी ती म्हणाली, "शेवंडीचं सार पिईन. पातळ. मिरी घालून."

"आणतो."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने, डोळे न उघडताच म्हणाली, "दहातलीच हां."

महिपत हसला. ती त्याच्याशी शेवटचं बोलली ते एवढंच.

त्या दिवशी समुद्रात त्याने आणि सखारामने तीन जाळी उचलली. चिंबोऱ्या निघाल्या, दगड निघाले, शेवंड नाही. चौथ्या जाळ्यात एकच निघाली. महिपतने ती उलटी केली. पोटाखाली शेपटीपर्यंत केशरी अंडी दाटून भरलेली. त्याने हात होडीच्या कडेबाहेर नेला. शेवंड शेपटी आपटत होती. सखाराम दुसरीकडे बघत होता. महिपतने हात परत आत आणला.

मथुरा गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सखाराम अंगणात आला आणि त्याच्याशेजारी बसला.

"शेवंड मेली होती," तो म्हणाला. "माडाच्या मुळात पुरली. कुणी बघितलं नाय."

महिपतने माडाकडे पाहिलं.

तेरावं झालं. निशिगंधा चिपळूणला परत गेली, जाताना बापाला भात कसा लावायचा ते दोनदा सांगून. घरात मथुराची दोन लुगडी दोरीवर तशीच होती. महिपतला ती काढावी की नाही ते समजेना, म्हणून ती राहिली. सकाळी तो चहा करायचा तेव्हा दोन माणसांचा व्हायचा. त्याने माप कमी करून पाहिलं, तर चहा कडू व्हायला लागला. शेवटी तो दोघांचाच करायचा आणि दोन वेळा प्यायचा.

अशात गंगाराम आणि दोघं-तिघं आले.

"धक्क्यावर मोजायला कुणी नाय," गंगाराम म्हणाला. "कांब तुझ्या घरात हाय. तूच बस."

"दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणाचं ऐकत नाय कोण. वहिनीचं काम हाय. तू बसलास तं लोकं गप राहतील."

"माझ्यानं नाय होणार, गंगाराम."

त्यांना वाटलं, दुःखामुळे म्हणतो. त्यांच्याबरोबर गोदा आली होती. मथुराची बाजारातली जोडीदारीण, तीस वर्षं पाटीला पाटी लावून बसलेली. ती म्हणाली, "घरात भिंतीकडं बघत बसतोस त्यापेक्षा तिथं बस. समुद्र तरी दिसंल."

महिपतने कांब उचलली. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं त्याला पुढे रोज वाटलं. पण दारात उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत इतकी माया होती की त्याचं तोंड उघडलं नाही.

त्यानंतर त्याची होडी सखाराम आपल्या भाच्याला घेऊन नेऊ लागला आणि महिपत धक्क्यावर बसू लागला. तो शिव्या देत नसे. शेवंड कमी भरली तर नुसता त्या माणसाकडे बघायचा, आणि तो माणूस खाली मान घालून ती पाण्यात टाकायचा. बायको गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? लोक म्हणत, मथुरापेक्षा हा बरा. ते ऐकलं की महिपत पुढची टोपली ओढून घ्यायचा.

पौष लागला. एका सकाळी नितेशने टोपली त्याच्यापुढे ठेवली. नऊ शेवंडी होत्या. सगळ्या वितीच्या वर. महिपतने त्या एकेक उलटून पाहिल्या. दोन माद्यांची पोटं जास्तच स्वच्छ होती. त्याने अंगठा फिरवला. पोटाखालची पिसांसारखी पाती खरखरीत लागली. काथ्याने घासलं की अंडी निघून जातात, पण हाताला कळतं. एका पायाच्या बेचक्यात तीन केशरी दाणे चिकटून राहिले होते.

नितेश खाली बसला, हळू आवाजात म्हणाला, "काका, जाऊ दे. हॉटेलवाल्याला बारा पायजे होत्या, नऊच गावल्या. तो दीपालीला कामाला घेणार हाय..."

"कोण दीपाली?"

"माझी मेव्हणी. घाबरलोय मी, काका. दोघींना घेतो म्हणाला, तिला आणि माझ्या बायकोला. नाय कसं म्हणू?"

महिपतच्या हातात ती शेवंड तशीच होती. जाऊ दे म्हणावं तर मथुराच्या शब्दाला काय अर्थ राहिला? जाऊ देणार नाही म्हणावं तर ते म्हणणारा तो कोण?

पण ठरवायचं त्याच्या हातात राहिलं नाही. मागे गोदा पाटी घेऊन उभी होती. तिने दाणे पाहिले होते.

"काथ्या घासलास होय रे," ती म्हणाली. "बायकोला सांग, भांडी घासायला तुलाच पाठवील हॉटेलात."

रविवारी शेडमध्ये मीटिंग ठरली. अंड्यावरची शेवंड आणली तर होडी आठ दिवस वर ओढून ठेवायची, असं ठरलेलं होतं. आजवर ती वेळ आली नव्हती.

शनिवारी सखाराम आला. महिपतने काय ठरवलंय ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"बोलू नको," सखाराम म्हणाला. "नितेशला शिक्षा होऊ दे, विषय संपला. तू बोललास तं उद्यापासून कोण पाळणार नाय. ज्याच्या बायकोनं नियम केला त्यानंच मोडला, म्हणतील. वर म्हणतील, तिनंच मागितली."

"मागितली होतीच."

"तिनं शेवंड मागितली. अंड्यावरची नाय मागितली."

"ते लोकांना कोण सांगणार?"

"म्हणून तं सांगतो, बोलू नको. तुला काय, मन हलकं होईल. तिचं काम बुडंल त्याचं काय?"

सखाराम खोटं बोलत नव्हता. रविवारी सकाळी आंघोळ करून तो शेडकडे निघाला तेव्हाही त्याचं ठरलेलं नव्हतं.

शेडमध्ये चाळीसएक माणसं होती, आणि कडेला बायका. गंगारामने विषय सांगितला. नितेशने नाकारलं नाही. मान वर करून म्हणाला, "केलं. पण एकटा मीच केलं असंल, असं कोणी होडीवर हात ठेवून सांगा."

दोघा-तिघांनी जमिनीकडे पाहिलं.

"नाय," महिपत बसल्या जागेवरूनच म्हणाला. "एकटा तू नाय. मीपण आणली."

सखारामने डोळे मिटले.

मग महिपतने सांगितलं. ज्या दिवशी मथुरा गेली त्या दिवशी त्याने जाळ्यातली अंड्यावरची शेवंड गोणपाटात घातली होती. तिला सार हवं होतं. तिने अंड्यावरची मागितली नव्हती. दहातलीच आण, असं तिने बजावलं होतं. त्याने आणली, आणि नंतर दोन महिने तोच माणूस कांब घेऊन धक्क्यावर बसला. एवढं सांगून तो थांबला. त्याला वाटलं होतं, लोक उठतील, बोलतील.

"तिनं खाल्लं?" गोदाने विचारलं.

"नाय. मी येईपर्यंत..."

"मग शेवंड गेली कुठं?"

"माडाच्या मुळात," सखाराम म्हणाला. "मी पुरली."

"तू पण व्हतास होय," गोदा म्हणाली.

गंगाराम उठला. त्याचे डोळे भरले होते. "महिपत, तुझं वेगळं हाय," तो म्हणाला. "जाणाऱ्या माणसाच्या तोंडची इच्छा. त्यात गुन्हा नाय. कोण तुला बोलणार नाय."

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. बायकांमध्ये कुणीतरी पदर डोळ्याला लावला. महिपतला एक क्षण वाटलं, संपलं. दोन महिने छातीवर होतं ते उतरलं.

"मग माझंपण वेगळं हाय," नितेश म्हणाला. "घरातल्या दोन बायकांना काम मिळतंय. ती कमी गोष्ट नाय."

"बरोबर हाय त्याचं," मागून कुणीतरी म्हणालं. "दिवाळीत माझ्याकडं पाव्हणे होते. मला बारा आणायला लागल्या. मी बोललो नाय."

"माझ्या पोरीला बघायला आले तेव्हा..."

एकेकजण उघडा व्हायला लागला. कुणी हसत, कुणी अजिजीने. प्रत्येकाचं कारण खरं होतं. महिपत ऐकत होता. मथुरा धक्क्यावर ज्या शिव्या देत बसली होती त्या उगाच नव्हत्या, हे त्याला आता कळलं. ती कुणाचं कारणच ऐकून घेत नसे. नवऱ्याचंही ऐकलं नसतं. शेवंड घेऊन तो घरात गेला असता तर तिने पोटाखाली बघितलं असतं, आणि अंगात ताकद नसतानाही त्याला परत समुद्रावर पाठवलं असतं.

"माझं वेगळं नाय," तो मोठ्याने म्हणाला. "गंगाराम, तू मायेनं बोलतोस. पण माझं वेगळं म्हटलंस तं सगळ्यांचं वेगळं. मग नियम कुणाला? ज्याच्या घरात मरण नाय, लग्न नाय, पाव्हणा नाय, त्याला? असं घर कोतळ्यात हाय कुठं? माझी होडी आठ दिवस वर ओढा. नितेशची ओढा. बाकीचे बोललात ते बोललात, आजपासून पुढं मोजू."

"आणि कांब?" गंगारामने विचारलं.

"माझ्या हातात नको."

गोदा उठली आणि तिने कांब महिपतच्या मांडीवरून उचलली. "मी कुणाच्या मायेतली नाय," ती म्हणाली. "आणि मला शिव्या मथुरापेक्षा जास्त येतात."

त्याच संध्याकाळी दोन्ही होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढल्या. नितेशची ओढायला महिपत लागला, महिपतची ओढायला नितेश. ओढताना नितेश म्हणाला, "काका, शेडमध्ये मी आयुष्यात एकदा खरं बोललो, तेपण तुमच्यामुळं फुकट गेलं." हॉटेलवाल्याने त्याच्या बायकोला ठेवलं, दीपालीला नाही. त्याबद्दल तो महिपतला पुढे कधी बोलला नाही, पण दीपाली रस्त्यात दिसली की महिपत बाजूला होऊन तिला वाट देऊ लागला.

आठ दिवस दोघं होड्यांच्या सावलीत जाळी सांधत बसले. पाचव्या दिवशी नितेशने जाळ्यातून मान वर केली.

"एक विचारू? आपण सोडतो त्या शेवंडी जातात कुठं?"

"खडपात. पाण्याखालच्या दगडांत."

"खडप कुणाचं? अर्धं आपलं, अर्धं नळ्याचं. आपण अंड्यावरची सोडतो, ती सरकत सरकत पलीकडं जाते, आणि नळेवाले धरतात. त्यांना ना दहा, ना वीत."

हे महिपतला ठाऊक होतं. मथुरालाही ठाऊक होतं. नळे खाडीच्या पलीकडचं गाव, तिचं माहेर. तिचा भाऊ धाकू तिथल्या होडीवाल्यांचा म्होरक्या. ती म्हणायची, आधी आपलं नीट होऊ दे, मग मी जाऊन धाकूचे कान उपटते. बहिणीचं ऐकेल तो.

होड्या परत पाण्यात गेल्या. गोदा धक्क्यावर बसते आणि खरंच जास्त शिव्या देते. या महिन्यात तिने सतरा शेवंडी परत टाकायला लावल्या. खडपात शेवंडी वाढल्या की नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. राही म्हणते, चार-पाच वर्षं थांबावं लागेल.

महिपत दोनदा तरीवर गेला. पलीकडे जायला दहा मिनिटं लागतात. मथुराबरोबर तो पस्तीस वर्षं जात होता, तिच्या मागे दोन पावलं, हातात पिशवी. एकटा तो त्या घरात कधी गेलेला नाही. धाकू आधी त्याला पाणी देईल, मग बहिणीचं शेवटचं कसं झालं ते विचारेल. तेराव्याला माणसांच्या गर्दीत ते विचारायचं राहिलं होतं. मग महिपतला शेवंडीचं सांगावं लागेल, आणि ते सांगितल्यावरच, तुम्हीही दहावर थांबा, असं म्हणता येईल. दोन्ही वेळा तरीची होडी भरली आणि गेली, आणि तो अलीकडेच उभा राहिला.

नळ्याला जाऊन धाकूशी बोलायचं अजून राहिलं आहे.